शॉचा कर्णा आणि तुझं दुसरं नाटक

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी सत्तावीस वर्षांची आहे. आधी एकांकिका लिहायचे. गेल्या वर्षी माझं पहिलं दोन अंकी नाटक आलं आणि बरं चाललंय. आमचा दिग्दर्शक मला सारखा सांगतो, "नुसतं लिहून भागत नाही, लेखकाची प्रतिमा लागते. बर्नार्ड शॉकडे बघ. स्वतःचे ढोल स्वतः बडवले म्हणून तो शॉ झाला." मी शॉ वाचायला घेतला. नाटकं खूप आवडली, पण प्रस्तावना वाचताना चीड येते. शेक्सपिअरपेक्षा मी मोठा, असं सुचवणाऱ्या माणसाची नाटकं इतकी माणुसकीची कशी?

तरी मी दिग्दर्शकाचं ऐकलं. एका मुलाखतीत बोलून गेले की "बाईच्या मनातलं खऱ्या भाषेत माझ्याआधी आपल्या रंगभूमीवर कुणी आणलंच नाही." चर्चा भरपूर झाली. दुसऱ्या दिवशी प्रयोगाआधी रंगपटात, आमच्या नाटकात आईचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री केस विंचरता विंचरता आरशातूनच मला म्हणाल्या, "मग आम्ही इतकी वर्षं काय बोलत होतो गं?" तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. याला दोन महिने झाले. दुसऱ्या नाटकाचा पहिला अंक तयार आहे, दुसऱ्यात एक ओळ सुचत नाही. मोठ्या नाटककाराला अहंकार लागतोच का? शॉ खरंच तसा होता का? आणि मी आता काय करू? मला 'तू'च म्हणा.

– दुसऱ्या अंकात अडकलेली

प्रिय लेखिके,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी रंगपटातल्या त्या प्रश्नापाशी थांबले. "मग आम्ही इतकी वर्षं काय बोलत होतो गं?" तुझ्या पत्रातलं सगळ्यात सुंदर वाक्य हेच आहे, आणि ते तुझं नाही. त्याच्याकडे परत येऊ. आधी शॉबद्दल बोलते, कारण तुझ्या दिग्दर्शकाने तुला अर्धाच शॉ दाखवलाय.

ढोल बडवले हे खरं आहे. त्यानेही ते कधी लपवलं नाही. १९०१ साली तीन नाटकांचा संग्रह छापताना प्रस्तावनेत तो सरळ विचारतो, की माझी स्तुती मला करता येत असताना ती दुसऱ्याकडून कशाला करून घ्यायची? आडोशाला राहण्याचा नाजूकपणा सभ्य गृहस्थांना लखलाभ, मला आपली गाडी आणि कर्णा पुरे. त्याआधी १८९८ मध्ये, 'सॅटर्डे रिव्ह्यू' साप्ताहिकातलं नाट्यपरीक्षण सोडताना त्याने जो निरोपाचा लेख लिहिला, तो तर या बाबतीत कळस आहे. गेली दहा वर्षं मी विलक्षण विनोदी, तल्लख आणि हुशार माणूस आहे हे लोकांच्या डोक्यात चिकाटीने भरवत आलोय, असं तो म्हणतो. आता ते इंग्लंडचं लोकमत झालंय आणि स्वर्गातली किंवा पृथ्वीवरची कुठलीही शक्ती ते बदलू शकणार नाही. पुढे मी म्हातारपणी बरळलो तरी माझी कीर्ती ढळायची नाही, कारण शेक्सपिअरच्या कीर्तीसारखीच तीही पुन्हा पुन्हा ठासून सांगण्याच्या पायावर उभी आहे.

हा उतारा चीड बाजूला ठेवून वाच. ज्याला खरा गर्व झालाय तो माणूस आपली युक्ती अशी फोडून सांगेल का? गर्विष्ठाला वाटतं की आपला मोठेपणा सूर्यासारखा आपोआप दिसतो. शॉ मात्र सांगतोय की कीर्ती कशी बनवतात ते बघा, मी तुमच्या डोळ्यांदेखत बनवली. वाचकाला तो हसवतोही आणि सावधही करतो. मला तो लेख फार आवडतो.

आता दुसरा अर्धा शॉ. १८५६ साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा मुलगा विसाव्या वर्षाच्या सुमारास लंडनला आला. वडील दारूच्या आहारी गेलेले, ते डब्लिनलाच राहिले. आई लंडनमध्ये गाणं शिकवून घर चालवत होती. त्याने ओळीने पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि प्रकाशकांनी त्या ओळीने परत केल्या. पहिल्या नऊ वर्षांत लेखणीने मिळवून दिले एकूण सहा पौंड, त्यातलेही पाच एका औषधाच्या जाहिरातीचे. त्या दिवसांत लंडनमधल्या एका चित्रकाराच्या घरी त्याला संध्याकाळचं बोलावणं असायचं. घर थेम्सच्या काठी. तो दाराजवळ जायचा, दार ठोठवायचा धीर व्हायचा नाही, की परत नदीकाठच्या रस्त्यावर येरझाऱ्या. कधी वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. आपण तिथे किती लाजून मरायचो, हे पुढे नाव झाल्यावर त्याने स्वतःच सविस्तर लिहून ठेवलंय.

मग एकदा तो एका वादविवाद मंडळाच्या बैठकीला गेला. उठून काहीतरी बोलला आणि आपलं हसं झालं असं वाटून इतका ओशाळला, की त्याने पणच केला: या मंडळाचं सभासद व्हायचं, दर आठवड्याला यायचं आणि प्रत्येक चर्चेत बोलायचं. आपल्या आधीचा वक्ता बोलत असताना त्याचं काळीज पहिल्यांदाच गोळीबाराला सामोरं जाणाऱ्या शिपायासारखं धडधडायचं. हातात टिपणाचा कागद असायचा, पण त्यावरचं एक अक्षर लागायचं नाही. तरी तो उठायचा आणि बोलायचा. पुढे तो फेबियन सोसायटी या समाजवादी संघटनेत गेला, आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, बागांमध्ये, लहानमोठ्या सभागृहांत सुमारे बारा वर्षं बोलत राहिला.

तुझ्या दिग्दर्शकाला ऐकू आला तो कर्णा हा आहे. बुजऱ्या मुलाने कित्येक संध्याकाळी थरथरत उभं राहून कमावलेला आवाज. जी दाढी आज आपल्याला त्याची निशाणी वाटते, ती त्याने १८८१ मध्ये देवी येऊन गेल्यावर राखायला सुरुवात केली. लोकरीचा सूट, शाकाहार, नावाची तीन आद्याक्षरं, सगळं हळूहळू त्यात जमत गेलं आणि 'जी.बी.एस.' नावाचं पात्र उभं राहिलं. हे पात्र पँटोमाइम या इंग्रजी सोंगांच्या खेळातल्या शहामृगाइतकंच खरं आहे, असंही तो स्वतःच म्हणाला. शहामृगाच्या सोंगाच्या आत एक माणूस वाकून चालत असतो, हे तुला नाटकवालीला सांगायला नको.

शेक्सपिअरचं प्रकरण. तू ज्या प्रस्तावनेवर चिडलीस तिच्या त्या भागाचं शीर्षक 'शेक्सपिअरपेक्षा सरस?' असं आहे, आणि शेवटी प्रश्नचिन्ह आहे. तू ते वाचताना गाळलंस. पण मी प्रश्नचिन्हाच्या आड लपत नाही, कारण शॉने याहून भयंकर लिहिलंय. सप्टेंबर १८९६ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात तेव्हाचा बडा नट हेन्री आयर्व्हिंग याने शेक्सपिअरचं 'सिंबेलिन' केलं. त्यावरच्या परीक्षणात शॉ म्हणतो, की माझ्या बुद्धीशी तुलना केली तर होमर सोडून दुसऱ्या कुठल्याच थोर लेखकाबद्दल मला शेक्सपिअरइतका तिटकारा वाटत नाही. एवढंच वाक्य लोक सव्वाशे वर्षं उद्धृत करत आलेत. पण त्याच लेखात पुढे तो असंही म्हणतो, की ज्याला शेक्सपिअरचा आनंद घेता येत नाही त्याची मला कीव येते; हा माणूस त्याच्याहून समर्थ अशा हजारो विचारवंतांना पुरून उरला आणि आणखी हजारांना उरेल.

आणि पडद्याआड काय चाललं होतं? त्या प्रयोगात नायिका इमोजेनचं काम नामवंत नटी एलेन टेरी करत होती. ती आणि शॉ कितीतरी वर्षं प्रत्यक्ष न भेटता एकमेकांना पत्रं लिहीत. प्रयोगाच्या आधीच्या दिवसांत शॉ तिला इमोजेन कशी करावी याची लांबलचक पत्रं पाठवत होता. इमोजेन गुंगीतून जागी होते आणि शेजारी शिर नसलेलं प्रेत दिसतं, तो प्रसंग. तिला ते केव्हा कळायला हवं, कुठली ओळ कशी चढवायची, कुठला शब्द हातचा राखून ठेवायचा. ज्याला नाटक कळत नाही, ज्याचं त्यावर प्रेम नाही, असा माणूस इतकी पत्रं लिहील? जाहीरपणे तो हातोडा घेऊन उभा होता. एकट्या नटीला लिहिताना तो त्याच संहितेपाशी गुडघे टेकून बसला होता.

हातोडा कशासाठी, तेही सांगते. त्या काळातले मोठे नट-व्यवस्थापक, म्हणजे स्वतःच नाटक मंडळी चालवणारे नट, शेक्सपिअरच्या संहिता हव्या तशा कापत, भव्य नेपथ्यात बुडवत, आणि वर त्याच्या नावाचा जप करत. त्या जपापुढे नव्या नाटकाला, नॉर्वेच्या नाटककार इब्सेनला, सामाजिक प्रश्नाला जागाच नव्हती. शॉला मूर्ती हलवायची होती, आणि त्याने सगळ्यात उंच मूर्ती निवडली. तिला लागणार नव्हतं.

१८९४ मधली एक रात्र तुला ठाऊक असेल, नसली तर ऐक. 'आर्म्स अँड द मॅन'चा पहिला प्रयोग. पडदा पडला, प्रेक्षक खूश, लेखकाला बोलावलं. शॉ पुढे आला तर गॅलरीतून एकट्यानेच हुर्यो केली. शॉ त्याला म्हणाला, मित्रा, मी तुझ्याशी पूर्ण सहमत आहे, पण इतक्या सगळ्यांपुढे आपण दोघं काय करणार? गोष्ट बहुतेक जण इथेच संपवतात. खरी गोष्ट पुढे आहे. हुर्यो करणारा रेजिनाल्ड गोल्डिंग ब्राइट नावाचा तरुण होता, त्याला नाट्यसमीक्षक व्हायचं होतं. त्याच वर्षापासून शॉ त्याला पत्रं लिहू लागला: परीक्षण कसं लिहावं, काय वाचावं, तुझ्या लेखातलं कुठलं वाक्य का फसलंय. तो पत्रव्यवहार कितीतरी वर्षं चालला. रंगमंचावर ज्याला एका वाक्यात गप्प केलं, त्याला घरी बसून लिहायला शिकवलं.

आणि आता तालीम. तुझ्या दिग्दर्शकाला हे मुद्दाम वाचून दाखव. १९०४ ते १९०७ या काळात लंडनच्या कोर्ट थिएटरात व्यवस्थापक वेड्रेन आणि नट-दिग्दर्शक ग्रॅन्व्हिल-बार्कर यांनी जो उपक्रम चालवला, त्यातल्या ९८८ प्रयोगांपैकी ७०१ शॉच्या नाटकांचे होते. आपली नाटकं बसवायचा शॉ स्वतः. पुढे एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने तालमीची आपली पद्धत मांडली, ती वाचली तर हा 'मी मी' करणारा माणूस सापडतच नाही. तालमीला येण्याआधी लेखक-दिग्दर्शकाने घरी बुद्धिबळातली मोहरी आणि मुलांचे लाकडी ठोकळे मांडून हालचाली ठरवून याव्यात, म्हणजे नटांचा वेळ आपल्या गोंधळात जात नाही. नट प्रवेश करत असताना मध्ये तोडू नये. अंधारात बसून वहीत टिपावं आणि अंक संपल्यावर सांगावं. एका वेळी दोन-तीनच गोष्टी सांगाव्यात. चूक दिसतेय पण उपाय सुचत नाही, तर गप्प बसावं. तू मला समाधान देत नाहीयेस, एवढंच नटाला सांगितलं तर तो खचतो किंवा पिसाळतो; मदत करता येत नसेल तर त्याला त्याच्यावर सोडावं.

मी तरुणपणी बरीच वर्षं विंगेत प्रॉम्प्टर म्हणून बसले आहे, त्यामुळे ही सूचना वाचताना मला गलबलून येतं. आमच्या संस्थेत एका नावाजलेल्या नाटककाराची नाटकं व्हायची. सुरुवातीच्या नाटकांच्या वेळी ते तालीम संपली की सरळ माझ्यापाशी यायचे. "वही दाखव," म्हणायचे. मी पेन्सिलने खुणा केलेल्या असायच्या: कोण कुठे अडखळलं, कुठल्या ओळीला दोनदा शब्द द्यावा लागला. ते त्या खुणा एकेक करून बघायचे आणि म्हणायचे, "तीनदा अडखळली म्हणजे ओळ माझी वाईट आहे, तिचं पाठांतर नाही." तिथेच उभं राहून ओळ बदलायचे. मग नाव वाढलं, सत्कार, भाषणं, अध्यक्षपदं. तिसऱ्या नाटकापासून त्यांनी वही मागणं बंद केलं. त्यांच्या शेवटच्या नाटकात मोलकरीण, न्यायाधीश आणि सोळा वर्षांचा मुलगा, तिघंही त्यांच्याच भाषणांसारखं बोलत होते. माझ्या वहीत खुणाच खुणा होत्या, आणि त्या बघायला कुणी आलं नाही.

म्हणून "अहंकार लागतोच का?" याचं माझं उत्तर असं. नाटककाराला हट्ट लागतो. शॉचा हट्ट बघायचा असेल तर 'पिग्मॅलियन' बघ, आपल्याला 'ती फुलराणी'मुळे ओळखीचं असलेलं. १९१४ च्या लंडनच्या प्रयोगात भाषेचा मास्तर हिगिन्स करणारा बीअरबोम ट्री शेवटी फुलवाल्या एलायझाकडे फुलं फेकायचा, म्हणजे प्रेक्षकांना वाटावं की आता यांचं जमलं. शॉ संतापला. एवढ्यावर न थांबता त्याने पुढे छापील नाटकाला पुरवणी जोडली आणि तिचं लग्न हिगिन्सशी का होऊ शकत नाही हे पटवून दिलं. तो हट्ट एलायझासाठी होता. जी मुलगी नुकतीच स्वतःच्या पायावर उभी राहिली, तिला दरडावणाऱ्या मास्तरच्या पदरात टाकायला त्याचा नकार होता. असा हट्ट तू खुशाल धर, दिग्दर्शकापुढेही धर.

आणि कर्ण्याचंही काम असतं, हे मी नाकारत नाही. झोपडपट्टीच्या भाड्यावर जगणाऱ्या सभ्य माणसांवर त्याने पहिलं नाटक लिहिलं, ते १८९२ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. वेश्याव्यवसायातल्या पैशावरचं 'मिसेस वॉरेन्स प्रोफेशन' त्याने १८९३ मध्ये लिहिलं आणि सेन्सॉरने अडवलं. इंग्लंडमध्ये त्याचा जाहीर प्रयोग व्हायला १९२५ उजाडलं. असे विषय घेऊन येणारा माणूस हळू आवाजात बोलला असता तर दारातच अडला असता. १९१४ च्या नोव्हेंबरात, सगळा देश युद्धज्वराने पेटलेला असताना, त्याने युद्धाबद्दल आपल्याच सरकारला खडे प्रश्न विचारणारा दीर्घ लेख छापला. मित्रांनी पाठ फिरवली, तरी तो मागे हटला नाही. ते धैर्य त्या कमावलेल्या आवाजाचंच होतं.

पण ज्या गोष्टीमुळे मला तुझी काळजी वाटते, ती यापुढची आहे. सोंग फार वर्षं वापरलं की उतरवायची सवय जाते. १९३१ मध्ये शॉ रशियाला गेला. त्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस मॉस्कोत साजरा झाला, स्टालिनचीही भेट झाली. मॉस्कोतल्या सभेत त्याने गमतीने सांगितलं, की रशियात खायला मिळणार नाही म्हणून मित्रांनी आम्हाला डबाबंद अन्न बांधून दिलं होतं, ते आम्ही सरहद्दीआधीच गाडीच्या खिडकीतून फेकून दिलं. समोर बसलेल्या माणसांना अन्नाची किंमत ठाऊक होती. फेकून दिलेल्या डब्यांचं ऐकून सभागृहातून कसा सुस्कारा उठला, ते तिथे हजर असलेल्या एका अमेरिकन वार्ताहराने लिहून ठेवलंय. दोन वर्षांनी, युक्रेनमध्ये माणसं उपासमारीने लाखोंनी मरत असताना, मार्च १९३३ मध्ये इतर काही जणांसह शॉने 'मँचेस्टर गार्डियन'ला पत्र लिहून उपासमारीच्या बातम्या म्हणजे बदनामी असल्याचं म्हटलं.

झोपडपट्टीचं भाडं कुठून कुठे जातं हे ज्याने अचूक पाहिलं, त्याला हे दिसलं नाही? मला वाटतं, त्या व्यासपीठावर माणूस बोलतच नव्हता, जी.बी.एस. बोलत होता. सगळे जे म्हणतात त्याच्या उलट बोलायचं आणि टाळी घ्यायची, ही त्या पात्राची सवय, आणि समोरच्या चेहऱ्यांकडे बघायला पात्राला डोळे नसतात. विनोद फसला हे ज्याला कोर्ट थिएटरच्या अंधारात बसून एका क्षणात कळलं असतं, त्याला तिथे कळलं नाही. मी शॉवर मनापासून प्रेम करते. तरी हे मी त्याला माफ करू शकत नाही, आणि तूही त्याची नाटकं आवडतात म्हणून करू नकोस. नाटकं ठेव, हेही लक्षात ठेव.

आता तू. तुझी बढाई शॉसारखी होती असं तुला वाटतंय, म्हणून तू त्याच्यावर इतकी चिडली आहेस. पण दोन्हींत फार फरक आहे. त्याने जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या, सगळ्यांनी देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाशी वाकडं घेतलं. तू तुझ्याच रंगपटात, शेजारच्या आरशापुढे बसणाऱ्या बाईची इतकी वर्षं एका वाक्यात पुसलीस. त्याने जे लिहिलं ते तो पुरतं वाचून, जाणून लिहीत होता. तुझं वाक्य साध्या माहितीच्या पातळीवरही चूक आहे. 'पुरुषांचे बंड' लिहिणाऱ्या गिरिजाबाई केळकर, 'जुगार' लिहिणाऱ्या मुक्ताबाई दीक्षित तुझ्या आधी होऊन गेल्या. १९६७ मध्ये तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे सुलभा देशपांडेंच्या तोंडून बोलली, आणि ते ऐकून लोक सुन्न झाले. पु. लं.च्या 'ती फुलराणी'तल्या मंजुळेला भक्ती बर्वेंनी जो आवाज दिला, तो ज्यांनी ऐकला त्यांच्या कानात अजून आहे. तुला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. मुलाखतीच्या त्या क्षणी तू ते बाजूला सारलंस.

दुसरा अंक का अडलाय, याचं कारणही मला तिथेच दिसतं. आधी कुणी खरं लिहिलंच नाही, असं एकदा जाहीर केलं की पुढची प्रत्येक ओळ त्या दाव्याला साक्ष म्हणून उभी करावी लागते. तू पात्राचं ऐकत नाहीयेस. ही ओळ पुरेशी 'पहिली' आहे का, हे तपासत बसली आहेस. अशाने कुठलीही बाई तुझ्याशी बोलणार नाही, कागदावरचीही नाही आणि रंगपटातलीही नाही.

तेव्हा येत्या प्रयोगाला अर्धा तास आधी जा. त्या येतील तेव्हा रंगपटात दुसरं कुणी नसेल असं बघ. "तसं म्हणायचं नव्हतं", "संदर्भ सोडून छापलं" यातलं काहीही बोलू नकोस. "मी चुकीचं बोलले, आणि ते तुमच्यावर अन्याय करणारं होतं," एवढंच सांग. त्या कदाचित "जाऊ दे गं" म्हणतील. तेवढ्याने सुटका झाली असं समजू नकोस. त्यांचा प्रश्न त्यांना परत विचार, खरंच ऐकायचंय म्हणून: तुम्ही इतकी वर्षं काय बोलत होता? कुठल्या नाटकातली कुठली ओळ तुम्हाला खोटी वाटायची आणि तुम्ही ती खरी कशी करून घ्यायचात? इतकी वर्षं लेखकांची वाक्यं तोंडात घोळवलेल्या बाईला हे कधी कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. वही बरोबर ने. त्या बोलत असताना मध्ये तोडू नकोस.

मुलाखत जिथे आली तिथेच चार ओळींची दुरुस्तीही पाठव. माझं विधान चुकीचं होतं असं लिही आणि आधीच्या बायकांची नावं घाल. चर्चा होईल, काही जण टोचून बोलतील, ते सोस. शॉने जन्मभर हजार टोमणे सोसले, शॉचं हेही दिग्दर्शकाला दाखव.

त्याच्या प्रतिमेच्या आग्रहाचं काय करायचं? त्याला शत्रू मानू नकोस, त्याला नाटक चालायला हवंय आणि तेही बरोबरच आहे. नाटकाबद्दल मोठ्याने बोलायला मात्र शिक. तुझ्या पत्रावरून मला वाटतं की तूही लाजरी आहेस आणि लाज झाकायला एकदम टोकाचं बोलून गेलीस. मग शॉचा तोच मार्ग धर, वादविवाद मंडळातला: लहान सभांत, दर वेळी, थरथरत का होईना, विषयावर बोल. आणि मुलाखतीत जे म्हणशील ते त्या बाईंच्या आरशाजवळ उभं राहून म्हणता येईल का, एवढं आधी मनात बघ. शॉला ९२ व्या वर्षी दोन बाहुल्यांचं छोटंसं नाटक लिहावंसं वाटलं, शेक्सपिअर आणि तो स्वतः. दोघं भांडतात, मारामारी करतात. शेवटी शॉची बाहुली विनवते, की माझा मिणमिणता उजेड क्षणभर राहू दे, आणि शेक्सपिअर फुंकर मारून दिवा विझवतो. सगळ्या आयुष्याच्या ढोलानंतर शेवटची ओळ त्याने शेक्सपिअरला दिली.

त्याच्या घरामागच्या बागेत लिहिण्यासाठी एक लाकडी खोपटं होतं, उन्हाप्रमाणे फिरवता येणारं. त्याचं नाव त्याने 'लंडन' ठेवलं होतं, म्हणजे भेटायला आलेल्यांना घरच्यांनी खोटं न बोलता "ते लंडनला गेलेत" असं सांगावं. तूही महिनाभर कुठेतरी 'लंडन'ला जा. मुलाखती नकोत, फोन बाजूला. त्या बाईंकडून जे टिपून आणशील ते समोर ठेव आणि आईच्या तोंडची पहिली ओळ लिही. ती ओळ दुसऱ्या दिवशी त्यांना वाचायला दे. अडखळल्या तर पेन्सिलने खूण कर.

दुसरा अंक झाला की मला पाठव. खुणांसकट पाठव.

तुझी,
ताई